वाचकांचे प्रश्न : ग्राफिकल लायब्ररीसाठी संगणक सज्ज करताना

या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच टप्प्यावर अडलेल्या वाचकांची आहेत. प्रोग्रॅमिंगची भाषा बऱ्यापैकी येते, टर्मिनलमध्ये चालणारे छोटे प्रोग्रॅम लिहून झाले आहेत, आता बटणे, मेनू आणि मजकुराच्या चौकटी असलेली स्वतःची विंडो पडद्यावर आणायची आहे. पण क्यूट, जीटीके किंवा तत्सम लायब्ररी बसवतानाच दोन-तीन दिवस निघून जातात आणि प्रत्यक्ष कामाला सुरुवातच होत नाही. अशा पत्रांतील काही प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

उत्तरांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते, कारण पुढची बहुतेक उत्तरे तिच्यावरच उभी आहेत. लायब्ररी तीन वेगवेगळ्या वेळी आणि तीन वेगवेगळ्या रूपांत लागते. कोड तपासताना कंपायलरला तिच्या हेडर फाइली हव्या असतात. तुकडे जोडताना लिंकरला तिची जोडणीची फाइल हवी असते. आणि तयार झालेला प्रोग्रॅम सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टिमला विंडोजवर डीएलएल, तर लिनक्सवर ‘एसओ’ प्रकारची फाइल हवी असते. हे तिघे आपापल्या ठरलेल्या जागी शोध घेतात आणि एकाला लायब्ररी सापडली म्हणून दुसऱ्यालाही सापडेल, असे अजिबात नाही. त्यामुळे पडद्यावर संदेश आला की तो या तिघांपैकी कोणी दिला आहे, हे आधी ओळखावे.

प्रश्न : मी विंडोजवर क्यूटच्या अधिकृत इन्स्टॉलरमधून क्यूट ६ बसवली. क्यूट क्रिएटर या तिच्याच एडिटरमध्ये नमुन्याचे प्रोग्रॅम व्यवस्थित चालतात. परंतु तोच कोड मी माझ्या नेहमीच्या एडिटरमध्ये लिहून टर्मिनलवरून सीमेक या बांधणीच्या साधनाने बांधायला गेलो की आधी क्यूट सापडत नसल्याचा संदेश येतो आणि फोल्डरचा पत्ता दिला तर लिंकर ‘अनरिझॉल्व्ह्ड एक्स्टर्नल सिम्बॉल’ या संदेशाच्या शेकडो ओळी दाखवतो. इन्स्टॉलरमध्ये मी मिनजीडब्ल्यू या कंपायलरचा पर्याय निवडला होता. संगणकावर व्हिज्युअल स्टुडिओही आहे.

उत्तर : तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलेल्या दोन वाक्यांतच तुमच्या प्रश्नाचे उत्तर आहे. विंडोजवर क्यूट ही एकच एक वस्तू नसते. ज्या कंपायलरने ती बांधलेली असेल त्यानुसार तिच्या वेगवेगळ्या तयार आवृत्त्या मिळतात. त्यांतली एक मिनजीडब्ल्यूसाठी असते आणि दुसरी व्हिज्युअल स्टुडिओबरोबर येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या एमएसव्हीसी कंपायलरसाठी. सी++ मध्ये लिहिलेल्या फंक्शनचे नाव ऑब्जेक्ट फाइलमध्ये जसेच्या तसे जात नाही. ते फंक्शन कोणत्या क्लासचे आहे, त्याला कोणत्या प्रकारची आर्ग्युमेंट लागतात, ही सारी माहिती त्या नावात गुंफून एक लांबलचक सांकेतिक नाव तयार होते आणि ते गुंफण्याची पद्धत या दोन कंपायलरमध्ये निराळी आहे. त्यामुळे तुमच्या क्यूटमध्ये ते फंक्शन असले, तरी एमएसव्हीसीचा लिंकर ज्या नावाने त्याला हाक मारतो, त्या नावाचे तिथे कोणीच नसते. शेकडो ओळींचा अर्थ एवढाच आहे.

एमएसव्हीसीचा लिंकर मध्ये कसा आला, हा प्रश्न तुम्हाला पडेल. विंडोजवर सीमेकला कोणत्या साधनाने बांधायचे हे सांगितले नाही आणि संगणकावर व्हिज्युअल स्टुडिओ असेल, तर सीमेक सहसा त्याचीच निवड करतो. क्यूट क्रिएटरमध्ये मात्र ‘किट’ नावाची सोय आहे आणि त्या किटमध्ये कंपायलर, डीबगर आणि क्यूटची आवृत्ती यांची सुसंगत जोडी आधीच लावलेली असते. म्हणूनच तिथे सर्व काही सुरळीत चालते आणि बाहेर पडले की बिघडते.

यावर दोन मार्ग आहेत. व्हिज्युअल स्टुडिओनेच काम करायचे असेल, तर क्यूटचा इन्स्टॉलर पुन्हा उघडून एमएसव्हीसीसाठीची आवृत्ती घ्यावी. मिनजीडब्ल्यू ठेवायचे असेल, तर क्यूटबरोबर आलेला मिनजीडब्ल्यू कंपायलर ‘टूल्स’ या फोल्डरमध्ये असतो. त्याच्या ‘बिन’ फोल्डरचा पत्ता त्या टर्मिनलपुरता ‘पाथ’मध्ये, म्हणजे सिस्टिम प्रोग्रॅम आणि डीएलएल जिथे शोधते त्या फोल्डरांच्या यादीत, घालावा आणि सीमेकला निन्जा हा जनरेटर, म्हणजे प्रत्यक्ष बांधणी करणारे साधन, स्पष्टपणे सांगावा. क्यूट ज्या कंपायलरने बांधलेली आहे, शक्यतो त्याच संचातला कंपायलर वापरावा. इतर ठिकाणाहून आणलेले दुसरे मिनजीडब्ल्यू जुळेलच, याचा भरवसा धरू नये.

फोल्डरचा पत्ता देतानाही एक चूक हमखास होते. ‘सीमेक प्रिफिक्स पाथ’ या व्हेरिएबलमध्ये ‘बिन’ किंवा ‘लिब’चा पत्ता द्यायचा नसतो, आवृत्तीच्या फोल्डरच्या आत कंपायलरच्या नावाचे जे फोल्डर असते, त्याचा पत्ता द्यायचा असतो. याहून सोपी वाट म्हणजे क्यूट ६ च्या त्या फोल्डरमधील ‘बिन’मध्ये असलेली ‘क्यूटी-सीमेक’ ही आज्ञा. ती सीमेकलाच हाक मारते, पण क्यूट कुठे आहे हे त्याला आपणहून सांगते. नवशिक्याने हीच वापरावी, असे माझे मत आहे.

हे सारे नीट केल्यावरही जुनाच संदेश येत राहिला, तर बिल्डचे फोल्डर पूर्ण पुसून टाकावे. सीमेक पहिल्या वेळी निवडलेला कंपायलर आणि सापडलेले पत्ते त्या फोल्डरमधल्या कॅश फाइलमध्ये लिहून ठेवतो आणि पुढच्या वेळी तेच वापरतो. योग्य दुरुस्ती करूनही ती लागू पडली नाही असे समजून लोक भलत्याच वाटेने जातात, त्याचे कारण बहुतेकदा ही फाइल असते.

एमएसव्हीसीची वाट धरलीत, तर आणखी एक सावधगिरी बाळगा. तिथे क्यूटच्या डीबग आणि रिलीज अशा दोन स्वतंत्र डीएलएल असतात आणि डीबगच्या फाइलीच्या नावाला शेवटी ‘डी’ हे अक्षर जोडलेले असते. एका प्रोग्रॅममध्ये दोन्ही शिरल्या, तर ‘क्यूविजेटपूर्वी क्यूॲप्लिकेशन तयार करा’ अशा आशयाचा संदेश येतो आणि तुम्ही तर ते आधीच तयार केलेले असते. मेमरीत क्यूटच्या दोन प्रती आलेल्या असतात; ॲप्लिकेशनचा ऑब्जेक्ट एकीत नोंदलेला असतो आणि विजेट (विंडोतील बटणासारखा घटक) तो दुसरीत शोधत असते.

प्रश्न : माझ्या लिनक्सवर जीटीकेवर आधारलेले अनेक प्रोग्रॅम रोज चालतात, म्हणजे जीटीके संगणकावर आहेच. तरीही माझा दहा ओळींचा सी प्रोग्रॅम कंपाइल करताना ‘जीटीके डॉट एच’ ही फाइल सापडत नाही. फाइल शोधून तिचा पूर्ण पत्ता दिला, तर तीच फाइल दुसरी एखादी हेडर फाइल मागते. हे कुठवर करत राहायचे?

उत्तर : हे हाताने करत बसू नका, कारण त्याला अंत नाही. जीटीके एकटी नसते. तिच्याखाली जीलिब आहे, मजकूर मांडण्यासाठी पँगो आहे, रेखाटनासाठी कैरो आहे, चित्रांसाठी जीडीके-पिक्सबफ आहे आणि यांतील प्रत्येकीच्या हेडर फाइली स्वतंत्र फोल्डरमध्ये असतात.

आधी मूळ अडचण पाहू. डेबियन, उबुंटू आणि फेडोरा यांसारख्या वितरणांमध्ये एकाच लायब्ररीची किमान दोन पॅकेजे केलेली असतात. एक केवळ प्रोग्रॅम चालवण्यासाठी असते आणि दुसरे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी. हेडर फाइली या दुसऱ्यात असतात. तुमच्याकडे पहिले आहे, म्हणून इतरांचे तयार प्रोग्रॅम चालतात. डेबियन आणि उबुंटूवर दुसऱ्या पॅकेजच्या नावाच्या शेवटी ‘डेव्ह’ असते, त्यामुळे जीटीके ४ साठी ‘लिबजीटीके-४-डेव्ह’ बसवावे. फेडोरावर शेवटी ‘डेव्हल’ असते, तिथे ‘जीटीके४-डेव्हल’ घ्यावे. आर्च लिनक्सवर अशी विभागणी केलेली नसते.

त्यानंतर पत्ते शोधण्याचे काम पीकेजी-कॉन्फिग या साधनाकडे सोपवावे. प्रत्येक लायब्ररी बसताना ‘पीसी’ या शेवटाची एक छोटी मजकूर-फाइल ठेवून जाते. आपल्या हेडर फाइली कुठे आहेत, लिंकरला काय सांगायचे आणि आपल्याला आणखी कोणत्या लायब्ररी लागतात, हे तिच्यात लिहिलेले असते. पीकेजी-कॉन्फिग त्या फाइली वाचून सर्व पर्यायांची एक सलग ओळ तयार करते आणि ती ओळ कंपायलरच्या आज्ञेत आपोआप बसवता येते. येथे नावाकडे लक्ष द्यावे : जीटीके ३ साठी या साधनाला ‘जीटीके’, अधिकचे चिन्ह, आडवी रेघ आणि ‘३.०’ असे नाव द्यावे लागते, तर जीटीके ४ साठी नुसते ‘जीटीके४’. जुन्या नावातला आकडा बदलून नवे नाव बनवणारे अनेक जण इथेच अडतात. कंपायलर चालवण्यापूर्वी ‘मॉडव्हर्जन’ हा पर्याय देऊन आवृत्तीचा आकडा मिळतो का, ते पाहावे. आकडा मिळाला म्हणजे हेडर फाइली आणि जोडणीची फाइल, दोन्हींचे पत्ते पीकेजी-कॉन्फिगला ठाऊक आहेत.

आज्ञेत क्रमालाही महत्त्व आहे. आपली सी फाइल आधी आणि लायब्ररींचे पर्याय नंतर लिहावेत. लिंकर डावीकडून उजवीकडे वाचत जातो आणि उबुंटूसारख्या वितरणात, त्या क्षणापर्यंत कोणी मागितली नसेल ती लायब्ररी सोडून देतो. लायब्ररी आधी लिहिली, तर तिच्यावर नजर टाकताना तिची गरज कोणाला आहे, हे त्याला ठाऊकच नसते. मग ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ असा संदेश येतो आणि लायब्ररी बसलीच नाही, असा गैरसमज होतो.

एखादी लायब्ररी तुम्ही स्वतः मूळ कोडवरून बांधून निराळ्या जागी ठेवली असेल, तर तिच्या ‘पीसी’ फाइलीचे फोल्डर ‘पीकेजी कॉन्फिग पाथ’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (ते प्रोग्रॅममध्ये नव्हे, टर्मिनलमध्ये ठरवतात) घालावे लागते. मात्र शिकत असताना वितरणाने दिलेलीच आवृत्ती वापरावी, असा माझा आग्रह आहे.

सेटअप पूर्ण झाल्यावर तुम्ही ज्या लेखावरून शिकत आहात, तो कोणत्या आवृत्तीसाठी लिहिला आहे हेही तपासून पाहा. जीटीके ४.० डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यातून ‘जीटीके-मेन’, ‘शो-ऑल’, ‘कंटेनर-ॲड’ ही जुन्या धड्यांत पानोपानी दिसणारी फंक्शने काढून टाकलेली आहेत. ती न सापडल्याचा संदेश आला, तर पॅकेजे पुन्हा पुन्हा बसवण्यात वेळ घालवू नका. तुमचा सेटअप बरोबर आहे, धडा जुना आहे.

प्रश्न : क्यूटमध्ये स्वतःचा क्लास लिहून त्यात ‘क्यू ऑब्जेक्ट’ हा मॅक्रो टाकला की ‘व्हीटेबल’ (क्लासच्या व्हर्च्युअल फंक्शनांचा तक्ता) सापडत नसल्याचा संदेश येतो. मॅक्रो काढला की प्रोग्रॅम बांधला जातो, पण सिग्नल आणि स्लॉट चालत नाहीत.

उत्तर : क्यूटचे सिग्नल आणि स्लॉट, म्हणजे बटण दाबण्यासारखी घटना आणि तिला उत्तर देणारे फंक्शन जोडण्याची सोय, हे शुद्ध सी++ नव्हे. तो मॅक्रो असलेल्या प्रत्येक क्लाससाठी ‘मॉक’, म्हणजे मेटा-ऑब्जेक्ट कंपायलर, हे क्यूटचे साधन आणखी एक सी++ फाइल तयार करते आणि मॅक्रोने ज्या फंक्शनांची घोषणा केली, त्यांची प्रत्यक्ष व्याख्या त्या फाइलीत असते. मॉक चाललेच नाही तर घोषणा आहे आणि व्याख्या नाही, अशी स्थिती होते. लिंकर नेमके तेच सांगतो, फक्त त्याचे शब्द आडवळणाचे असतात.

सीमेक वापरत असाल, तर ‘ऑटोमॉक’ हा पर्याय सुरू करावा. क्यूट ६.३ पासून ‘क्यूटी स्टँडर्ड प्रोजेक्ट सेटअप’ ही एक ओळ लिहिली की तो आपोआप सुरू होतो. एवढे करूनही संदेश गेला नाही, तर दोन ठिकाणी पाहावे. क्लास हेडरमध्ये न लिहिता थेट सीपीपी फाइलीत लिहिला असेल, तर त्या फाइलीच्या शेवटी तिच्याच नावाची ‘मॉक’ शेवटाची फाइल इन्क्लूड करावी लागते. आणि हेडर फाइली सीपीपी फाइलींपासून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्या असतील, तर त्यांची नावे एक्झिक्युटेबलच्या फाइलींच्या यादीत स्पष्टपणे लिहावीत. कारण ऑटोमॉक सीपीपीच्या शेजारी असलेली त्याच नावाची हेडर आपणहून पाहतो, दूरची पाहत नाही. नीटनेटकी फोल्डररचना करणाऱ्यांनाच हा त्रास जास्त होतो, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

प्रश्न : मी पायथॉनमध्ये क्यूट वापरण्यासाठी पायसाइड६ घेऊ इच्छिते. नव्या डेबियनवर पिप या पायथॉनची पॅकेजे बसवणाऱ्या साधनाने बसवायला गेले तर ‘हे एन्व्हायर्नमेंट बाहेरून नियंत्रित आहे’ अशा अर्थाचा नकार मिळतो. एका परिचिताच्या सल्ल्याने जबरदस्तीचा पर्याय देऊन ते बसवले, पण एडिटरमध्ये मॉड्यूल सापडत नाही. त्याऐवजी त्याच कामाचे पायक्यूट घ्यावे का?

उत्तर : तो नकार तुमच्या हिताचा आहे. लिनक्सवरची अनेक साधने सिस्टिमच्या पायथॉनवर चालतात. त्याच पायथॉनमध्ये पिपने वेगवेगळ्या आवृत्त्या टाकल्या, तर वितरणाचे स्वतःचे प्रोग्रॅम मोडू शकतात. हे टाळण्यासाठी पायथॉनच्या ‘पेप ६६८’ या प्रस्तावानुसार डेबियन १२ पासून पिपला तिथे लिहायला मनाई केलेली आहे. जबरदस्तीचा पर्याय वापरू नये आणि ज्यांनी तो वापरला आहे, त्यांनी ती पॅकेजे काढून टाकावीत.

प्रत्येक प्रोजेक्टसाठी ‘व्हीएन्व्ह’ने स्वतंत्र एन्व्हायर्नमेंट करावे. ते म्हणजे प्रोजेक्टच्या फोल्डरमधले एक साधे फोल्डर असते. त्यात त्या प्रोजेक्टपुरते पायथॉन आणि त्याची पॅकेजे राहतात आणि बिघडले तर पुसून पुन्हा करता येते. डेबियनवर त्यासाठी ‘पायथॉन३-व्हीएन्व्ह’ हे पॅकेज आधी बसवावे लागते. ते एन्व्हायर्नमेंट सुरू केल्यावर नुसते ‘पिप’ न लिहिता ‘पायथॉन’, मग ‘एम’ हा पर्याय आणि मग ‘पिप’ असे लिहिण्याची सवय लावून घ्या. संगणकावर तीन पायथॉन असले, तर नुसते पिप कोणत्या पायथॉनचे आहे हे दिसत नाही. या पद्धतीने मात्र जे पायथॉन चालते आहे त्याच्यातच पॅकेज बसते.

एडिटरची अडचण याच कारणाने येते. एडिटरमध्ये कोणते पायथॉन चालवायचे हे वेगळे निवडावे लागते आणि ते अजून सिस्टिमचेच असते. प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीत ‘सिस’ मॉड्यूल घेऊन ‘सिस डॉट एक्झिक्युटेबल’ छापून पाहा. तो पत्ता तुमच्या व्हीएन्व्हच्या फोल्डरमधला नसेल, तर एडिटरची निवड बदला.

क्यूट वेगळी बसवण्याची गरज नाही. पिपने येणाऱ्या पायसाइड६ च्या पॅकेजमध्ये क्यूटच्या आवश्यक फाइली बरोबरच येतात. लिनक्सवर मात्र ‘एक्ससीबी’ हा प्लॅटफॉर्म प्लगइन, म्हणजे पडद्याशी बोलणारा क्यूटचा भाग, लोड होत नाही, असा संदेश येऊ शकतो, क्यूट ६.५ पासून त्याला ‘लिबएक्ससीबी-कर्सर०’ हे सिस्टिमचे पॅकेज लागते. ते पिपने येत नाही, ते वितरणातूनच बसवावे लागते.

पायसाइड आणि पायक्यूट यांत बांधणीच्या दृष्टीने फार अंतर नाही, परवान्यात आहे. पायसाइड६ हे क्यूट बनवणाऱ्यांचेच अधिकृत साधन असून ते एलजीपीएल या खुल्या परवान्याखाली मिळते, तर पायक्यूट६ जीपीएल या अधिक कडक खुल्या परवान्याखाली किंवा विकतच्या परवान्यावर मिळते. जे निवडाल त्यालाच धरून राहा आणि दोन्ही एका प्रोग्रॅममध्ये आणू नका. तुमची गरज दोन-चार बटणांपुरतीच असेल, तर पायथॉनबरोबर येणारी टीकेइंटर पुरेशी आहे. डेबियनवर तिचे ‘पायथॉन३-टीके’ हे पॅकेज वेगळे घ्यावे लागते आणि ‘एम’ या पर्यायासह टीकेइंटरचे नाव देऊन पायथॉन चालवले की एक छोटी चाचणी-विंडो उघडते. एवढी सोपी खातरजमा दुसऱ्या कोणत्याही लायब्ररीत नाही.

प्रश्न : माझा क्यूटचा प्रोग्रॅम माझ्या संगणकावर उत्तम चालतो. तोच मित्राला दिला तर आधी डीएलएल नसल्याचा संदेश आला. त्या फाइली दिल्यावर ‘विंडोज’ नावाचा प्लॅटफॉर्म प्लगइन सापडत नाही, असा संदेश येतो आणि प्रोग्रॅम बंद होतो.

उत्तर : आता कंपायलर आणि लिंकर यांचे काम संपलेले आहे, बोलते आहे ती ऑपरेटिंग सिस्टिम आणि त्यानंतर स्वतः क्यूट. हा फरक महत्त्वाचा आहे. डीएलएलची नावे तुमच्या एक्झिक्युटेबलमध्ये नोंदलेली असतात, त्यामुळे ती नसल्याचे सिस्टिमला प्रोग्रॅम सुरू होण्यापूर्वीच कळते. प्लगइनचे तसे नाही. पडद्याशी बोलणारा भाग क्यूटने प्लगइनमध्ये वेगळा ठेवलेला आहे आणि प्रोग्रॅम सुरू झाल्यावर क्यूट तो ‘प्लॅटफॉर्म्स’ नावाच्या फोल्डरमध्ये शोधते. डीएलएलची यादी तपासणाऱ्या साधनांना म्हणूनच तो दिसत नाही आणि हाताने फाइली गोळा करणाऱ्याकडून तो नेमका राहतो. पुष्कळ जण ती फाइल शोधून एक्झिक्युटेबलच्या शेजारी ठेवतात. ती शेजारच्या ‘प्लॅटफॉर्म्स’ या फोल्डरच्या आत हवी.

फाइली हाताने गोळा करूच नयेत. क्यूटबरोबर विंडोजवर ‘विनडिप्लॉयक्यूटी’ आणि मॅकवर ‘मॅकडिप्लॉयक्यूटी’ ही साधने येतात. एक्झिक्युटेबल एका रिकाम्या फोल्डरमध्ये ठेवून, ज्या आवृत्तीने बांधणी केली तिच्याच ‘बिन’मधले साधन त्यावर चालवावे; आवश्यक डीएलएल आणि प्लगइन योग्य फोल्डरांसह तिथे येतात. एमएसव्हीसी वापरले असेल, तर समोरच्या संगणकावर व्हिज्युअल सी++ चे रीडिस्ट्रिब्युटेबल पॅकेजही असावे लागते. सर्व फाइली जागेवर असूनही प्लगइन नाकारला जात असेल, तर ‘क्यूटी डीबग प्लगइन्स’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला १ ही किंमत देऊन प्रोग्रॅम टर्मिनलमधून चालवावा. क्यूट कोणती फोल्डरे पाहिली आणि प्रत्येक फाइल का घेतली किंवा का नाकारली, हे एकेक ओळ छापत सांगते. लिनक्सवर याच्या जोडीला त्या प्लगइन फाइलीवर ‘एलडीडी’ ही आज्ञा चालवली की तिला हवी असलेली आणि न सापडणारी लायब्ररी नावानिशी कळते.

याबाबतीत मी स्वतः दोन दिवस घालवलेले आहेत. माझा चालता प्रोग्रॅम एके दिवशी सुरू होईनासा झाला आणि मी माझ्याच कोडमध्ये दोष शोधत राहिलो. शेवटी लक्षात आले की, आदल्या आठवड्यात बसवलेल्या एका सॉफ्टवेअरने स्वतःचे फोल्डर ‘पाथ’च्या सुरुवातीला घातले होते आणि त्यात क्यूटच्या त्याच नावाच्या जुन्या डीएलएल होत्या. विंडोज डीएलएल शोधताना एक्झिक्युटेबलचे फोल्डर आधी पाहते आणि ‘पाथ’मधली फोल्डरे अगदी शेवटी. माझ्या बिल्डच्या फोल्डरमध्ये डीएलएल नव्हत्याच, मी सर्वस्वी ‘पाथ’वर अवलंबून होतो. तेव्हापासून क्यूटचा पत्ता मी संपूर्ण सिस्टिमच्या ‘पाथ’मध्ये घालत नाही, जे टर्मिनल उघडले आहे, त्याच्यापुरताच घालतो.

काही वाचक यावर उपाय म्हणून क्यूट स्टॅटिक पद्धतीने, म्हणजे एक्झिक्युटेबलमध्येच सामावून, जोडण्याबद्दल विचारतात. तसे करता येते, पण त्यासाठी क्यूट मूळ कोडवरून स्वतः बांधावी लागते आणि एलजीपीएलखाली वापरत असाल, तर समोरच्याला क्यूटची बदललेली प्रत घेऊन तुमचा प्रोग्रॅम पुन्हा जोडता येईल, अशी व्यवस्थाही द्यावी लागते. पहिल्याच प्रोग्रॅमसाठी हा खटाटोप करू नये.

प्रश्न : बटणावर देवनागरी मजकूर लिहिला तर तिथे भलतीच चिन्हे येतात. फॉन्ट बदलून पाहिला, उपयोग झाला नाही.

उत्तर : फॉन्ट नसेल तर रिकामे चौकोन दिसतात, भलतीच चिन्हे दिसत असतील तर अक्षरांचे बाइट चुकीच्या पद्धतीने वाचले गेले आहेत. तुमची फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन झालेली असते, पण एमएसव्हीसी सुरुवातीला विशेष खूण नसलेली फाइल सिस्टिमच्या कोड-पेजनुसार, म्हणजे तिच्या ठरलेल्या अक्षर-तक्त्यानुसार, वाचतो. त्याला ‘यूटीएफ-८’ हा पर्याय द्यावा. क्यूट ६ सीमेकबरोबर वापरल्यास तो आपोआप लागतो, म्हणून हा प्रश्न बहुधा इतर लायब्ररी वापरणाऱ्यांना किंवा हाताने आज्ञा लिहिणाऱ्यांना पडतो.

अक्षरे बरोबर, पण जोडाक्षरे फुटलेली आणि वेलांटी भलत्या जागी, असे दिसत असेल तर ती तिसरी गोष्ट आहे. तिथे अक्षरांची मांडणी करणारा भाग कमी पडतो. क्यूट त्यासाठी हार्फबझचा वापर करते आणि जीटीके पँगोमार्फत त्याच हार्फबझकडे जाते, त्यामुळे या दोन्हींत जोडाक्षरे नीट बसतात. लायब्ररी निवडताना ‘क्ष’, ‘र्‍या’, ‘ष्ट्रि’ अशी अक्षरे असलेले एक लेबल पडद्यावर आणून पाहावे.

प्रश्न : पडदा नसलेल्या सर्व्हरवर माझ्या प्रोग्रॅमच्या चाचण्या चालवायच्या आहेत, पण ‘डिस्प्लेशी जोडणी होत नाही’ असे म्हणून तो थांबतो.

उत्तर : क्यूटमध्ये यासाठी ‘ऑफस्क्रीन’ नावाचा प्लॅटफॉर्म प्लगइन आहे. ‘क्यूटी क्यूपीए प्लॅटफॉर्म’ या व्हेरिएबलला तेवढे नाव दिले की विंडो मेमरीतच तयार होतात आणि चाचण्या पूर्ण होतात. इतर लायब्ररींसाठी ‘एक्सव्हीएफबी’ हा आभासी पडदा वापरावा. तो लिनक्सवर विंडो दाखवणाऱ्या खऱ्या एक्स सर्व्हरसारखाच वागतो, पण चित्र मेमरीत ठेवतो. विंडोजमध्ये लिनक्स चालवणाऱ्या डब्ल्यूएसएल २ वर काम करणाऱ्यांना मात्र यांची गरज नाही, कारण त्याच्या नव्या आवृत्त्यांत लिनक्सच्या विंडो दाखवण्याची सोय आहेच. तिथे तरीही हाच संदेश आला, तर जुन्या एखाद्या मार्गदर्शिकेवरून ‘डिस्प्ले’ हे व्हेरिएबल तुम्ही सुरुवातीच्या फाइलीत हाताने लिहिलेले आहे का, ते पाहा आणि असल्यास ती ओळ काढून नवे टर्मिनल उघडा.